‘स्मृतिचित्रे’तील अपरिग्रह : कोणी सोडले, कोणी सोसले?

दरवर्षी उपवासकाळ सुरू झाला की पवित्र ख्रिस्तसभा आपणांस प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन साधनांचे स्मरण करून देते. धर्मगुरू व्यासपीठावरून साध्या राहणीचा उपदेश करतात, श्रद्धावंत तो आदराने ऐकतात, आणि पास्काचा सण होताच घराघरांतील खरेदी पूर्ववत सुरू होते. उपदेशात खोट नसते आणि ऐकणाऱ्यांच्या मनातही खोट नसते. तरीही हे असे का घडते, याचा विचार करताना आम्हांस एक गोष्ट जाणवते. साध्या राहणीविषयीचे आपले बहुतेक वाङ्मय संन्याशांनी लिहिलेले आहे किंवा संन्याशांविषयी लिहिलेले आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने पित्याची भरजरी वस्त्रे त्याच्या पायाशी ठेवली, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. पण फ्रान्सिसच्या पाठीमागे पत्नी नव्हती, पदरी लेकरे नव्हती, दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची हा प्रश्न त्याच्यापुरताच होता. संसारी माणसाने कमी वस्तूंत कसे जगावे, आणि त्याने तसे ठरवले तर त्याच्या घराचे काय होते, हे सांगणारे ग्रंथ विरळा.

मराठीत असा एक ग्रंथ आहे, आणि तो ख्रिस्ती लेखणीतून उतरला आहे, हे आपले भाग्य. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र म्हणून, स्त्रीच्या लेखनाचा मानदंड म्हणून, विनोदाचा खजिना म्हणून आणि एका धर्मांतराचा प्रांजळ वृत्तान्त म्हणून या ग्रंथाचा गौरव वेळोवेळी झाला आहे. आम्ही येथे त्याचे वाचन एका वेगळ्या अंगाने करू इच्छितो. एका ख्रिस्ती घरातून वस्तू कशा बाहेर जातात, त्या कोणाच्या संमतीने जातात आणि त्यांची उणीव कोणाला भासते, याचा इतका सविस्तर हिशेब मराठीत दुसरीकडे सापडत नाही. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते, म्हणून हा ग्रंथ आपला नव्हे असे मानण्याचे दिवस १९६४ च्या ख्रिस्तैक्यविषयक परिषद-आदेशानंतर उरलेले नाहीत. आमच्या मते तो प्रत्येक कॅथलिक मराठी घरात असावा.

दोन जीवनरेषा

प्रथम आवश्यक तेवढा तपशील. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, लक्ष्मीबाईंचा १८६८ चा. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. त्यांचा विवाह अकराव्या-बाराव्या वर्षीच झाला. टिळकांची वृत्ती कवीची, पाय भ्रमंतीचे. कोणतीही नोकरी त्यांना फार काळ धरून ठेवू शकली नाही. आगगाडीच्या प्रवासात एका परकीय सहप्रवाशाने दिलेल्या शुभवर्तमानाने त्यांच्या जीवनाची दिशा पालटली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताचा स्वीकार केला. नगर व राहुरी येथे त्यांचा संसार बहरला. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी व वेतन सोडून ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग धरला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. ग्रंथाचा चौथा भाग तेव्हा अपुरा होता.

टिळकांचे देणे

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि घरातील वस्तूही टिकत नसत. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ही गोष्ट पानोपानी भेटते. दारी आलेल्या गरजवंताला देण्यापूर्वी आपल्या घरात उद्याला काय आहे हे पाहण्याची त्यांना सवय नव्हती. पाहुणा, विद्यार्थी, अनाथ मूल, उमेदवार कवी, कोणीही यावे आणि राहावे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजेच बालकवी, त्यांना या घराने पोटच्या मुलाप्रमाणे वागवले हे सर्वश्रुत आहे.

रसिक वाचक आणि धार्मिक वाचक, दोघेही या ठिकाणी एकच गफलत करतात. ते टिळकांच्या सर्व वर्तनाला एकाच नावाने ओळखतात. रसिक त्याला कवीचा लहरीपणा म्हणतो, धार्मिक त्याला वैराग्य म्हणतो. लक्ष्मीबाईंचे लेखन मात्र नीट वाचले तर त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. पहिला आहे विसराळूपणा : बाजारातून हवे ते न आणणे, न सांगता गावाला निघून जाणे, हातातले पैसे कुठे गेले हे न आठवणे. दुसरे आहे औदार्य : समोरच्याचे दुःख पाहून हातचे देऊन टाकणे. तिसरा आहे त्याग : १९१७ साली पूर्ण विचारांती सोडलेले वेतन. यांतला पहिला हा स्वभाव आहे, दुसरा सद्गुण आहे आणि तिसरे पाचारण आहे. घरात त्यांचा परिणाम एकच होतो, डबा रिकामा होतो. परंतु देवासमोर त्यांचे मोल एक नाही. ज्याला वस्तूंची आसक्तीच नाही त्याने वस्तू हरवली, यात पुण्य काय? आणि ज्याला धान्याची किंमत ठाऊक आहे तिने त्यातून मूठभर काढून दिले, तर ती मूठ केवढी मोठी! मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते याच कारणासाठी. त्या बाईला आपल्या दोन नाण्यांचा हिशेब पक्का ठाऊक होता.

चुलीकडून दिलेला जबाब

आपल्या महाराष्ट्राच्या संतपरंपरेत या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे. तुकोबांचा ऊस सर्वांना ठाऊक आहे. मिळालेल्या उसांची मोळी ते वाटेत मुलांना वाटून टाकतात, एकच ऊस घेऊन घरी येतात, आणि भुकेने व संतापाने पेटलेली पत्नी तो त्यांच्या पाठीवर मोडते. कथेत हसू तुकोबांच्या वाट्याला आणि बदनामी जिजाईच्या वाट्याला आली आहे. महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ सिद्ध केला, आणि त्याच्यासारख्या संतचरित्रकारांच्या ओव्यांतून ही कजाग गृहिणी घराघरांत पोचली. घरात दाणा नसताना ती काय म्हणाली हे आपल्याला समजते, पण ते नेहमी दुसऱ्याच्या तोंडून.

महिपतीचे ताहाराबाद राहुरी तालुक्यातले. त्याच राहुरीत पुढे टिळक कुटुंबाने वास्तव्य केले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या माणसाची पत्नी जिजाईच्याच जागी येऊन उभी राहिली. फरक एवढाच, की या वेळी लेखणी तिच्या हाती होती. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये पतीच्या आठवणी लिहिल्या होत्या, परंतु न्यायमूर्तींच्या घरी अन्नाची ददात नव्हती. दात्याच्या घरातील टंचाई आतून सांगणारी गृहिणी मराठीला ‘स्मृतिचित्रां’त भेटली.

ती काय सांगते? ती तक्रारीचा अर्ज लिहीत नाही, आणि आरतीही ओवाळत नाही. भांडण झाले तर भांडण झाले असे लिहिते, आपण हट्ट केला तर तेही लिहिते. टिळकांवर तिचे अपार प्रेम आहे. त्या प्रेमापायी ती त्यांच्या एकाही खोडीवर पांघरूण घालीत नाही. तिची वाक्ये छोटी, बोलभाषेतली, अलंकाराविना उभी असतात. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईच्या गद्यात एकही वस्तू शोभेसाठी ठेवलेली नाही. अपरिग्रहाचा विषय मांडणारी शैली स्वतःच अपरिग्रही असावी, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

या ग्रंथावर एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. लक्ष्मीबाई इतक्या हसतात, की वाचकही हसून मोकळा होतो. ज्या प्रसंगी रागवावे तेथे तो टाळी देतो. विनोदाने टिळकांना सहज सोडून दिले आहे काय? काही अंशी होय. पहिल्या दोन भागांतील कित्येक प्रसंग असे आहेत की हसू ओसरल्यानंतर ते पुन्हा वाचावेत. तेव्हा त्यातली एकटी, परावलंबी, नातेवाइकांच्या आश्रयाला राहिलेली तरुण स्त्री दिसू लागते. तिचे हसणे हे तिचे सामर्थ्य आहे, परंतु वाचकाने त्या हसण्याआड लपू नये.

सर्वांत जड वस्तू

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या अपरिग्रहाची वाट निराळी आहे, आणि आमच्या दृष्टीने ग्रंथाचे हृदय तेथे आहे. ज्या घरात त्या वाढल्या तेथे वडिलांचे सोवळे हे वेडाच्या थराला गेले होते. धुणे, शिवणे-न शिवणे, शुद्ध-अशुद्ध यांच्या धाकात बालपण गेले. हे सोवळे त्यांनी पुढे वारशासारखे जपले. पतीकडे परतल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे होते. दागिने गेले, घरे बदलली, भांडीकुंडी कमी-अधिक झाली. हे एक गाठोडे मात्र त्यांनी कुणाला घेऊ दिले नाही. आणि एके दिवशी, कोणाच्या उपदेशावाचून, विचार करता करता त्यांना उमगले की जातिभेद देवाने केलेला नाही. त्यांनी ते गाठोडे खाली ठेवले आणि पुन्हा उचलले नाही.

मालमत्ता म्हणजे केवळ कपाटातल्या वस्तू, हा आपला समज या प्रसंगाने खोटा ठरतो. माणूस ज्याच्या बळावर स्वतःला शेजाऱ्याहून उंच समजतो, ती त्याची खरी मालमत्ता. त्या श्रीमंत तरुणाने सर्व आज्ञा पाळल्या होत्या, तरी तो खिन्न होऊन परतला. लक्ष्मीबाई परतल्या नाहीत. सोवळे सुटल्यावरच त्यांचे दार खऱ्या अर्थाने उघडले : दुष्काळाने अनाथ केलेली मुले त्यांच्या पंखाखाली आली, प्लेगच्या दिवसांत नगरला त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. पतीचे औदार्य आता केवळ त्यांच्यावर येऊन पडणारे ओझे राहिले नाही, त्यात त्यांचा स्वतःचा वाटा आला. आणि हा वाटा हिशेबासकट होता. किती तोंडे, किती पीठ, हे पाहून त्या देत. टिळकांचे दान आणि लक्ष्मीबाईंचे दान यांत श्रेष्ठ कोणते, असे विचारल्यास आमचा कौल निःसंशय दुसऱ्याकडे जातो.

संन्यास आणि संसार

१९१७ च्या संन्यासाविषयी मात्र कॅथलिक वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. आपल्या परंपरेत दारिद्र्याचे व्रत मठवासी बंधुभगिनी घेतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू ते व्रत घेत नाहीत, परंतु साध्या राहणीचे बंधन धर्मसभेच्या कायद्याने त्यांच्यावरही घातले आहे. विवाहिताला असे व्रत एकट्याने घेता येत नाही, कारण त्याचे काही त्याच्या एकट्याचे नसते. स्वकीयांची काळजी न वाहणाऱ्याविषयी संत पौलाच्या तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात फार कठोर शब्द आले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सफीरा यांची कथा आहे. ती आपण लबाडीची कथा म्हणून सांगतो. त्यात पेत्राचे एक म्हणणे सहसा दुर्लक्षित राहते : जमीन तुझीच होती, विकण्याची सक्ती तुझ्यावर कोणी केली नव्हती. ख्रिस्ती दानाला मोकळेपणा हवा. आणि त्या दांपत्याने फसवणूक एकमताने केली, तसे देणेही दांपत्याने एकमताने करावे, हा त्या कथेचा दुसरा धडा आम्ही समजतो.

येथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुलनेसाठी घ्यावेसे वाटते. त्यांची राहणी टिळकांहून कमी साधी नव्हती; जाडेभरडे पांढरे वस्त्र हीच त्यांची ओळख होती. परंतु केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी शेती केली, विहिरी खणल्या, हातमाग आणि छापखाना चालवला. स्वतःसाठी काही न ठेवणारी ही बाई शेकडो निराधार स्त्रियांसाठी धान्याची कोठारे भरून ठेवीत होती. कोठार वाईट नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाने कोठारे मोठी केली, ती एकट्याच्या चैनीसाठी. कोठाराची किल्ली कोणासाठी फिरते, यावर त्याची किंमत ठरते.

घाटकोपरच्या घरांतून वाचताना

आता हा ग्रंथ आपल्या घाटकोपरला आणून पाहू. आमच्या धर्मग्रामात डोंगरउतारावरच्या दहा बाय बाराच्या खोल्या आहेत आणि पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या वीस-बावीस मजली इमारती आहेत. नगर, जालना, वसई अशा ठिकाणांहून आलेली मराठी कुटुंबे दोन्हीकडे राहतात. घर आशीर्वादित करण्यासाठी फिरणाऱ्या धर्मगुरूला हे दोन्ही संसार आतून दिसतात. डोंगरावरच्या खोलीत पाण्याची पिंपे, माळ्यावरच्या पेट्या, खाटेखालची भांडी यांनी जागा व्यापलेली असते. खाली उभा राहून कोणी वस्तू मोजल्या तर त्याला ती खोली भरगच्च वाटेल. पण पाणी कधी येईल याची शाश्वती नसलेल्या गृहिणीला पिंपे कमी करा असे सांगणे म्हणजे तिच्या शहाणपणाचा अपमान होय. साधी राहणी आणि अभाव या दोन गोष्टी एक नाहीत. अभावाला साधेपणाचे गोंडस नाव देऊन त्याची स्तुती करण्याचा अधिकार कोणालाही नाही, धर्मगुरूला तर मुळीच नाही.

दुसरीकडे, ज्यांच्यापाशी निवड करण्याची मोकळीक आहे त्यांच्यावर सभोवतालचे शहर अहोरात्र दबाव आणते. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या मृतांचे स्मरण करताना कोणताही सोपा बोध काढणे आम्हांस अप्रशस्त वाटते. एवढेच म्हणतो, की वस्तू विकत घ्या म्हणून सांगणारे ते फलक आपल्या रस्त्यांवर माणसांपेक्षा मोठे झाले होते, आणि ते कोणाला खटकत नव्हते. आपण घेतो त्या वस्तू शेवटी कुठे जातात हेही आपल्यापासून दूर नाही. देवनारची कचराभूमी १९२७ पासून या शहराचे टाकलेले पोटात घेत आली आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली, तेव्हा त्या धुराने पूर्व उपनगरांचा श्वास कोंडला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात टाकाऊ संस्कृतीविषयी जे लिहिले, ते समजून घेण्यासाठी घाटकोपरकरांना दूर जाण्याचे कारण नाही.

मग ‘स्मृतिचित्रां’तून आपण काय घ्यावे? टिळकांचे अनुकरण करा असे आम्ही सांगणार नाही. उद्या एखाद्या भाविक गृहस्थाने प्रवचन ऐकून महिन्याचा पगार वाटून टाकला आणि पत्नीने वाण्याकडे उधारी मागितली, तर त्या दानातले पुण्य त्याचे आणि लाज तिची, असा व्यवहार होईल. आपण घेण्याजोगी आहे ती लक्ष्मीबाईंची रीत. काय सोडायचे हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, आणि ज्याच्या हाती घराचा हिशेब आहे त्या व्यक्तीचा शब्द आधी ऐकावा. प्रथम कम्युनियनचा समारंभ कर्ज न काढता कसा होईल, लग्नात सोने किती व कोणाच्या समाधानासाठी, नवा फोन खरोखर कोणाला हवा आहे, या गोष्टी मुलांसमोर बोलल्या जाव्यात. दान द्यायचे ते फाटके, विटलेले नसावे. चौथ्या शतकात संत बासिलने श्रीमंतांना सुनावले होते की तुमच्या पेटीत पडून असलेले वस्त्र मुळात उघड्याचे आहे. आणि त्याहून अवघड काम म्हणजे घरातले सोवळे शोधणे. जात, गाव, इंग्रजी शाळा, इमारतीचा मजला. कोणत्या ना कोणत्या रूपात ते आजही आपल्या कपाटात जपून ठेवलेले असते.

हाच नियम धर्मग्रामालाही लागू आहे. सणाचा मंडप, रोषणाई, ज्युबिलीची भोजने यांचा खर्च ठरवताना डोंगरावरच्या खोलीतली बाई त्या सभेत बसलेली असते काय? ज्याच्या जेवणाची व्यवस्था दुसरे कोणी पाहते, त्या धर्मगुरूने साधेपणावर बोलण्यापूर्वी स्वतःलाही हे विचारावे. टिळकांना स्वयंपाकघरातली अडचण दिसत नव्हती, कारण ते स्वयंपाकघरात नव्हते. आम्हा धर्मगुरूंची स्थिती याहून फारशी निराळी नाही, आणि म्हणूनच लक्ष्मीबाईंसारख्यांचे ऐकणे आम्हांस अगत्याचे आहे.

ग्रंथ मोठा आहे, परंतु कठीण नाही. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत दर वेळी त्यातील एक प्रसंग मोठ्याने वाचावा, आणि वाचून झाल्यावर पुरुषांनी प्रथम काही वेळ स्वस्थ बसावे व स्त्रियांनी बोलावे, अशी आमची सूचना आहे. काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, हे त्या पुरेशा स्पष्टपणे सांगतील.